बर्फावरचा कित्ता : टेन्ली ऑल्ब्राइट

(इयत्ता ५ वी ते ७ वीच्या चरित्रपाठासाठी शिक्षकोपयोगी टिपण)

पाठाचा उद्देश

प्राथमिक शाळेच्या वरच्या वर्गांत चरित्रपाठासाठी राजे, संत, शास्त्रज्ञ व समाजसुधारक यांची निवड बहुधा केली जाते. खेळाडूंची चरित्रे क्वचितच घेतली जातात, आणि घेतलीच तर पदकांची यादी सांगून पाठ आटोपतो. पदकांची यादी मुले दुसऱ्या दिवशी विसरतात. ते पदक कोणत्या नित्याच्या कामातून आले हे कळले, तर मात्र ती गोष्ट त्यांच्या स्वतःच्या पाटीपुस्तकाशी जोडली जाते.

येथे दिलेले चरित्र अमेरिकेतील टेन्ली ऑल्ब्राइट या स्त्रीचे आहे. लहानपणी तिला पोलिओ झाला. पुढे बर्फावरील एका कठीण खेळात ती जगज्जेती झाली आणि त्यानंतर शस्त्रवैद्य झाली. या तिन्ही गोष्टींचा परस्परांशी संबंध काय, हे मुलांस समजावून देणे हा पाठाचा पहिला उद्देश होय. पाय अधू असलेले एखादे मूल वर्गात असेल, तर हे चरित्र ऐकताना त्याच्या मनास ठेच लागू न देणे, हा दुसरा उद्देश होय. तो पहिल्याहून कमी महत्त्वाचा नाही.

खेळाची ओळख

ज्या मुलांनी बर्फ केवळ गोळेवाल्याच्या गाडीवर पाहिला आहे, त्यांस प्रथम या खेळाची कल्पना द्यावी लागेल. थंड प्रदेशांत हिवाळ्यात तळी व डबकी गोठतात आणि त्यांच्यावर माणसाचा भार पेलण्याइतका जाड थर तयार होतो. अशा बर्फावर तळाशी पोलादी पाते बसविलेले बूट घालून लोक घसरत जातात. या बुटांना स्केट म्हणतात. पाते सुमारे ४ मिलिमीटर रुंद असते. त्याची खालची बाजू लांबीच्या दिशेने पन्हळासारखी किंचित पोखरलेली असल्यामुळे त्यास दोन धारा असतात, एक आतली व एक बाहेरची. वळणावर सायकलस्वार जसा एका बाजूस कलतो, तसा खेळाडू शरीराचा तोल एका धारेवर झुकवितो आणि त्यामुळे त्याचा मार्ग वळणदार होतो.

शरीराच्या भाराने पात्याखालील बर्फ वितळतो म्हणून घसरता येते, असे स्पष्टीकरण जुन्या पुस्तकांत आढळते. ते पुरेसे नाही. कडक थंडीत तेवढ्या दाबाने बर्फ वितळत नाही, तरीही घसरता येतेच. बर्फाच्या अगदी वरच्या पातळ थरातील कण आतल्या कणांइतके घट्ट बांधलेले नसतात, आणि तो थर वंगणासारखे काम करतो. पाते घासल्याने उत्पन्न होणारी उष्णताही त्यास साहाय्य करते.

या खेळाच्या अनेक प्रकारांपैकी 'फिगर स्केटिंग' हा एक. फिगर म्हणजे आकृती. आज या स्पर्धेत संगीताच्या तालावर उड्या, गिरक्या व नृत्य एवढेच दिसते. टेन्ली ऑल्ब्राइटच्या काळी मात्र स्पर्धेचे दोन भाग असत. दुसरा भाग संगीतावरील मुक्त नृत्याचा. त्यास शंभरांपैकी ४० गुण असत. पहिल्या भागास ६० गुण असत आणि त्यात ठरावीक आकृत्या काढाव्या लागत. हा पहिला भाग कसा असे, ते शिक्षकांनी मुलांस सावकाश सांगावे, कारण पाठाचे मर्म त्यात आहे.

नितळ बर्फावर खेळाडू एकटा उभा राही. वाद्य वाजत नसे. एका पायावर तोल सांभाळून, पात्याच्या एकाच धारेने, तो एक मोठे वर्तुळ काढी. त्याचा व्यास खेळाडूच्या उंचीच्या सुमारे तिप्पट असे. मग दुसऱ्या पायावर दुसरे वर्तुळ, म्हणजे इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी आकृती पूर्ण होई. एवढ्याने काम संपत नसे. तीच आकृती पुन्हा त्याच रेघेवरून, आणि नंतर आणखी एकदा, अशी काढावयाची असे. हाती दोरी नाही, आखणी नाही. बर्फावर उमटलेली स्वतःचीच पहिली रेघ तेवढी मार्गदर्शक. खेळाडू बाजूस झाल्यावर परीक्षक बर्फावर उतरत व खाली वाकून त्या रेघा तपासत. वर्तुळ खरोखर गोल आहे काय, दुसरी व तिसरी रेघ पहिलीवर बसली आहे काय, एका धारेऐवजी दोन्ही धारा टेकून जोडरेघ तर उमटली नाही ना, हे सर्व पाहून ते गुण देत.

पहिलीच्या वर्गातील मूल पाटीवर कित्ता गिरविते, तेही दुसरे काय करते? काढलेल्या रेघेवरून पुन्हा काढणे आणि चुकले तेथे थांबून पाहणे, हीच ती क्रिया होय. १९९० नंतर या आकृत्या जागतिक स्पर्धांतून काढून टाकण्यात आल्या. परंतु टेन्ली ऑल्ब्राइट ज्या काळी खेळली, त्या काळी हा बर्फावरचा कित्ता ज्यास साधला नाही त्यास विजेतेपद मिळणे फार कठीण असे.

बालपण व आजार

टेन्ली ऑल्ब्राइट हिचा जन्म १८ जुलै १९३५ रोजी अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात झाला. तिचे घर बॉस्टन शहराजवळील न्यूटन येथे होते. वडील शस्त्रवैद्य होते. मुलीची आवड पाहून ते हिवाळ्यात घराच्या अंगणात पाणी सोडीत. रात्रीच्या थंडीने ते गोठे आणि घरच्या घरी खेळण्याची जागा तयार होई. आठ-नऊ वर्षांच्या वयात तिने तेथे खेळण्यास आरंभ केला.

१९४६ च्या सप्टेंबरात, वयाच्या ११ व्या वर्षी, तिला पोलिओ झाला. त्या काळी या रोगावर लस नव्हती. पोलिओचा विषाणू तोंडावाटे शरीरात शिरतो आणि रोग्याच्या मलावाटे बाहेर पडून दूषित पाणी व अस्वच्छ हात यांतून पसरतो. संसर्ग झालेल्या बहुतेक मुलांत तो काही लक्षण न दाखविता निघून जातो. थोड्या मुलांत मात्र तो मज्जारज्जूतील पेशींवर हल्ला करतो. स्नायूंस हालचालीची आज्ञा पोहोचविणाऱ्या या पेशी नष्ट झाल्या म्हणजे हातपाय लुळे पडतात. टेन्लीच्या पायातील, पाठीतील व मानेतील शक्ती गेली. काही आठवडे तिला रुग्णालयात काढावे लागले. ती पुन्हा चालू शकेल की नाही, याची तिच्या आईवडिलांस खात्री वाटत नव्हती.

तिचा आजार फार तीव्र नव्हता. पुष्कळशा पेशी वाचल्या होत्या. प्रथम एक पाऊल, मग थोडी पावले, अशा क्रमाने ती चालू लागली. दुबळ्या झालेल्या स्नायूंत बळ यावे म्हणून तिला पुन्हा बर्फावर जाण्याची मोकळीक देण्यात आली. आरंभी ती कठड्यास धरून हळूहळू सरकत असे. आजारापूर्वी जे तिला सहज येत होते, ते आता तिला पहिल्यापासून शिकावे लागले. तरीही त्यानंतर काही महिन्यांतच, देशाच्या पूर्व भागातील लहान मुलींच्या एका स्पर्धेत तिने पहिला क्रमांक मिळविला.

गुरू आणि अभ्यास

बॉस्टन येथील क्रीडामंडळात टेन्लीस मॅरिबेल व्हिन्सन ही मार्गदर्शिका लाभली. व्हिन्सन स्वतः नऊ वेळा अमेरिकेची राष्ट्रीय विजेती झाली होती आणि १९३२ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये तिने कांस्यपदक मिळविले होते. शिस्तीविषयी ती कठोर होती. तिच्या हाताखाली टेन्लीचा अभ्यास नियमाने सुरू झाला. शाळेची वेळ होण्यापूर्वी, पहाटेच, ती बर्फावर हजर असे. त्या वेळी बर्फ ओरखड्यांवाचून असल्यामुळे स्वतःची प्रत्येक रेघ स्पष्ट दिसे, आणि चूकही लपत नसे.

तिची प्रगती एकेका पायरीने झाली. १९४९ साली नवशिक्यांच्या गटात आणि १९५० साली कनिष्ठ गटात ती राष्ट्रीय विजेती ठरली. १९५२ साली ती वरिष्ठ गटात अमेरिकेची विजेती झाली व हे स्थान तिने १९५६ पर्यंत, लागोपाठ पाच वर्षे राखले. १९५२ च्या फेब्रुवारीत नॉर्वेची राजधानी ऑस्लो येथे हिवाळी ऑलिंपिक सामने झाले. त्यांत १६ वर्षांच्या टेन्लीस रौप्यपदक मिळाले. सुवर्णपदक ब्रिटनच्या जीनेट ऑल्टवेग हिने जिंकले. पुढच्याच वर्षी, १९५३ साली, स्वित्झर्लंडमधील दाव्होस येथे टेन्ली जगज्जेती झाली. हा मान मिळविणारी ती पहिली अमेरिकन स्त्री होय.

१९५३ मध्येच तिने रॅडक्लिफ महाविद्यालयात प्रवेश घेतला. वडिलांप्रमाणे शस्त्रवैद्य व्हावयाचे हे तिने मनाशी ठरविले होते. त्यामुळे पहाटे बर्फ आणि दिवसा विज्ञानाचे वर्ग, असा तिचा क्रम चाले. यशही सदैव सारखे राहिले नाही. १९५४ साली जगज्जेतेपद पश्चिम जर्मनीच्या गुंडी बुश हिच्याकडे गेले व टेन्ली दुसरी आली. १९५५ साली व्हिएन्ना येथे तिने ते परत मिळविले.

कोर्तिना येथील कसोटी

१९५६ चे हिवाळी ऑलिंपिक इटलीच्या उत्तरेस, डोलोमाइट पर्वतातील कोर्तिना दाम्पेत्सो या गावी २६ जानेवारी ते ५ फेब्रुवारी या काळात भरले. स्पर्धेस सुमारे दोन आठवडे उरले असता सराव करताना टेन्लीचे पाते बर्फातील एका खाचेत अडकले. तोल जाऊन ती पडली आणि डाव्या पायाच्या पात्याने उजव्या पायाचा घोटा चिरला गेला. जखम हाडापर्यंत पोहोचली होती. तिचे वडील तेथे येऊन दाखल झाले व त्यांनी जखमेवर उपचार केले. दुखावलेल्या घोट्यावर भार देऊन एका पायावर वर्तुळे काढावयाची, आणि उडी मारून त्याच पायावर तोल सांभाळावयाचा, असा तो प्रसंग होता.

टेन्ली स्पर्धेत उतरली. प्रथम आकृत्या झाल्या आणि त्यानंतर मुक्त नृत्य झाले. नृत्यासाठी तिने ओफेनबाख या संगीतकाराच्या रचना निवडल्या होत्या. ते परिचित सूर कानी पडताच भोवतालचे प्रेक्षक गुणगुणून साथ देऊ लागले. ११ परीक्षकांपैकी १० जणांनी तिला पहिली ठरविले. फिगर स्केटिंगमध्ये ऑलिंपिक सुवर्णपदक मिळविणारी पहिली अमेरिकन स्त्री म्हणून तिचे नाव नोंदले गेले. रौप्यपदक तिच्याच देशाच्या कॅरोल हाइस हिला मिळाले.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी झालेल्या जागतिक स्पर्धेत कॅरोल हाइस पहिली आली व टेन्ली दुसरी. चार वर्षांनी, १९६० साली, ऑलिंपिक सुवर्णपदकही हाइस हिनेच मिळविले. हा भाग शिक्षकांनी गाळू नये. थोर खेळाडूही हरतो, आणि ज्याच्याकडून तो हरतो त्याचे कौशल्यही तितकेच खरे असते, हे मुलांस कळले पाहिजे.

शस्त्रवैद्य

१९५६ नंतर टेन्लीने स्पर्धांचा निरोप घेतला. त्या वेळी तिचे वय अवघे २० वर्षांचे होते. १९५७ साली ती हार्वर्ड येथील वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाली. तेथे त्या काळी विद्यार्थिनींची संख्या अगदी थोडी असे. १९६१ साली ती वैद्यकीय पदवी घेऊन बाहेर पडली.

हेच वर्ष तिच्या खेळावर घोर संकटाचेही ठरले. १५ फेब्रुवारी १९६१ रोजी प्राग येथील जागतिक स्पर्धेस निघालेला अमेरिकेचा संपूर्ण संघ बेल्जममधील ब्रुसेल्सजवळ विमान कोसळून मृत्युमुखी पडला. त्यांत १८ खेळाडू होते. मॅरिबेल व्हिन्सन व तिच्या दोन्ही मुलीही त्या अपघातात गेल्या. ती जागतिक स्पर्धा रद्द करण्यात आली.

डॉ. ऑल्ब्राइट यांनी बॉस्टन येथे दोन दशकांहून अधिक काळ शस्त्रक्रियेचा व्यवसाय केला. आरोग्यविषयक संशोधनास साहाय्य करणाऱ्या संस्थांतही त्यांनी काम केले. अमेरिकेच्या ऑलिंपिक समितीवर पदाधिकारी म्हणून निवडून आलेली पहिली स्त्री हा मानही त्यांचाच. बर्फावर मिलिमीटरभर चुकलेली रेघ ओळखण्याची ज्यांच्या डोळ्यांस सवय होती, त्यांच्या हाती पुढे शस्त्र आले. दोन्ही कामांस लागणारे गुण एकच : स्थिर हात, शांत मन आणि आपली चूक आपणच शोधण्याची वृत्ती.

शिकविताना घ्यावयाची दक्षता

अशा चरित्रातून एक चुकीचा निष्कर्ष सहज काढला जातो. टेन्लीने कष्ट केले म्हणून ती बरी झाली, तेव्हा जो बरा झाला नाही त्याने कष्ट केले नाहीत, असे मुलांस वाटू लागते. हे सर्वस्वी असत्य आहे. पोलिओत ज्या पेशी नष्ट होतात त्या पुन्हा उत्पन्न होत नाहीत. व्यायामाने बळ येते ते वाचलेल्या पेशींच्या आधारे. एखाद्याच्या किती पेशी वाचल्या, हे त्याच्या निश्चयावर अवलंबून नसते. टेन्लीच्या वाट्यास सौम्य आजार, शस्त्रवैद्य वडील, घरच्या अंगणातील बर्फ व उत्तम मार्गदर्शिका आली होती. हे सांगितल्याने तिची थोरवी उणी होत नाही, आणि इतरांवर अन्यायही होत नाही.

म्हणून वर्गात अधू पायाचे मूल असेल, तर पाठ चालू असताना त्याच्याकडे बोट दाखवून, 'पाहा, तूही असे करू शकशील,' असे बोलू नये. त्याची कीव करून त्यास प्रत्येक कामातून वगळणेही तितकेच अहितकारक आहे. टेन्लीस कोणी एकदम उडी मारावयास सांगितले नाही. कठड्यास धरून सरकण्यास मोकळीक दिली आणि वेळ दिला. आपल्या वर्गातील मुलास आज काय येते हे पाहून त्यापुढचे एकच पाऊल त्यास सुचवावे. ते कोणते असावे, हे त्यासही विचारावे. हाच नियम गणितात मागे पडलेल्या मुलास व अडखळत वाचणाऱ्या मुलासही लागू आहे.

या पाठास आरोग्यशिक्षणाची जोड अवश्य द्यावी. टेन्लीच्या आजारानंतर नऊ वर्षांनी, १२ एप्रिल १९५५ रोजी, डॉ. जोनास साल्क यांची लस गुणकारी ठरल्याचे जाहीर झाले. पुढे डॉ. आल्बर्ट सेबिन यांनी तोंडावाटे देण्याची लस तयार केली. भारतात १९९५ साली पल्स पोलिओ मोहीम सुरू झाली. देशात निसर्गतः आढळणाऱ्या पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये पश्चिम बंगालात आढळला, आणि मार्च २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणपत्र मिळाले. या यशात घरोघर फिरलेल्या असंख्य आरोग्यसेविकांचा व शिक्षकांचा वाटा आहे. जगाच्या पाठीवरून हा विषाणू पुरता नाहीसा होईपर्यंत बालकांचे डोस चुकविता येणार नाहीत, हे मुलांमार्फत घरोघर पोहोचवावे.

वर्गात करावयाच्या गोष्टी

१. जगाच्या नकाशावर बॉस्टन, ऑस्लो, दाव्होस, व्हिएन्ना व कोर्तिना ही स्थळे दाखवावीत. ती थंड का, हे अक्षांश व समुद्रसपाटीपासूनची उंची यांवरून मुलांकडून काढून घ्यावे.

२. शाळेच्या अंगणात माती किंचित ओली करून मुलांस दोरीवाचून, काठीने, एक मोठे वर्तुळ काढावयास सांगावे. त्याच रेघेवरून आणखी दोनदा काठी फिरवावी. मग खुंटी व दोरी घेऊन इतर मुलांनी ते तपासावे. काढणे, तपासणे, मोजणे व नोंद करणे अशी कामे वाटून द्यावीत आणि कोणते काम हवे हे प्रत्येकास निवडू द्यावे.

३. बांबूच्या पोकळ नळीतून दोरा ओवून त्याच्या वरच्या टोकास खोडरबर बांधावे. नळी हातात धरून खोडरबर गरगर फिरवावे व दुसऱ्या हाताने दोरा खाली ओढावा. फिरण्याचे वर्तुळ लहान होताच गती वाढलेली दिसेल. गिरकी घेताना खेळाडू पसरलेले हात छातीशी का आणतो, याचा उलगडा या प्रयोगाने होतो.

४. पुढील प्रश्न विचारावेत :
(अ) आकृत्यांच्या भागास नृत्यापेक्षा अधिक गुण का ठेवले असतील?
(आ) टेन्ली पहाटे सराव का करीत असे? तुमच्या अभ्यासास कोणती वेळ सोयीची आहे, आणि का?
(इ) पोलिओ कसा पसरतो? तो टाळण्यासाठी घरात व गावात काय करावे लागते?
(ई) आजारातून टेन्ली बरी झाली, पण तिच्यासारखीच आजारी पडलेली दुसरी मुलगी बरी झाली नाही. दुसरीचे प्रयत्न कमी पडले, असे म्हणता येईल काय?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मुलांनी आपल्या शब्दांत लिहावे. ते वाचताना शुद्धलेखनाआधी विचार पाहावा. त्या उत्तरात मुलांनी न्याय केला असेल, तर पाठाचा दुसरा उद्देशही सफल झाला असे समजावे.